गोव्याहून लहान देशात एवढा माल उतरतो कसा?

प्रश्न नागपूरहून आला आहे. विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लक्झेंबर्ग हा पावणेसात लाख वस्तीचा देश, तरी त्याच्या राजधानीचा विमानतळ युरोपातल्या मोठ्या कार्गो विमानतळांत गणला जातो. आपलं नागपूर देशाच्या मध्यावर. झिरो माइलचा दगड इथंच आहे, इथल्या विमानतळाच्या मिहान प्रकल्पाच्या नावातच आंतरराष्ट्रीय कार्गो हब आहे. मग तिथं जे झालं ते इथं का होत नाही?

मी गेली एकोणतीस वर्षं मुंबई विमानतळाच्या सहार कार्गो कॉम्प्लेक्समधून फॉरवर्डिंग, म्हणजे लोकांचा माल विमानाने पाठवायचं काम, करतोय. लक्झेंबर्गला माल पाठवलाय, तिथून मागवलाय, आणि तिथल्या गोदामात कामासाठी चार वेळा जाऊन उभाही राहिलोय. त्यामुळे आधी उत्तर सांगतो. लक्झेंबर्गचा विमानतळ तो देश युरोपच्या मध्यावर आहे म्हणून मोठा झाला नाही. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी कार्गोलक्स ही मालाची विमान कंपनी तिथं सुरू झाली आणि तिला कोणी तिथून हलू दिलं नाही, म्हणून तो वाढला. बाकी सगळं, म्हणजे ट्रक, गोदामं, कस्टम्सची सवय, हाताळणारी माणसं, हे त्या कंपनीच्या मागोमाग आलं.

आधी आकार डोळ्यांसमोर आणू. देशाचं क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहूनही बरंच कमी. लोकसंख्या गोव्याच्या निम्मीसुद्धा नाही. विमानतळ फिंडेल या भागात, राजधानीपासून सहा किलोमीटरवर. धावपट्टी एकच, पण लांबी ४,००० मीटर. आणि या एका धावपट्टीवर २०२१ साली दहा लाख टनांहून जास्त माल हाताळला गेला. ते वर्ष कोविडचं होतं, प्रवासी विमानं जमिनीवर होती, त्यामुळे तो आकडा नेहमीचा समजू नका. पुढे तो खाली आला. पण खाली आलेला आकडासुद्धा एवढ्याशा देशाला मोठाच आहे.

सुरुवात मात्र मालाने झाली नाही, प्रवाशांनी झाली. ही गोष्ट मला फार आवडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९५० च्या दशकात अमेरिका आणि युरोप यांच्यामधलं तिकीट स्वस्तात विकणं जवळपास अशक्य होतं. मोठ्या विमान कंपन्या आयाटा या आपल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सभासद होत्या, भाडी तिथं ठरायची, आणि सरकारं त्यावर शिक्का मारायची. आइसलँडची लोफ्टलायडिर ही छोटी कंपनी आयाटात नव्हती. तिच्याकडे पंख्याची जुनी विमानं होती. वेळ जास्त लागायचा, मध्ये आइसलँडला थांबावं लागायचं, पण भाडं कमी. आता अशा कंपनीला युरोपात उतरू कोण देणार? ज्या देशाकडे स्वतःची मोठी कंपनी आहे तो तिला दारात उभी करणार नाही. लक्झेंबर्गकडे तेव्हा जपायला अशी कंपनीच नव्हती. त्यांनी दार उघडलं. १९५५ पासून लोफ्टलायडिरची विमानं न्यूयॉर्कहून आइसलँडमार्गे फिंडेलला उतरू लागली. साठच्या दशकात तर खिशात पैसे कमी असलेले अमेरिकन विद्यार्थी याच वाटेने युरोपात यायचे. त्यातल्या बहुतेकांना लक्झेंबर्ग बघायचं नसायचंच. फिंडेलला उतरायचं आणि पुढे पॅरिस, म्युनिक, जिकडे जायचं तिकडची गाडी धरायची.

यातली मेख लक्षात घ्या. लहान देशाची अडचण हीच त्याची जमेची बाजू झाली. आणि दुसरं म्हणजे, आलेला माणूस इथं राहणार नाही, इथून पुढे जाणार, ही सवय त्या विमानतळाला तेव्हापासून लागली. मालाचं पुढे नेमकं हेच झालं.

१९७० साली लोफ्टलायडिर, लक्झेंबर्गची लक्सएअर आणि स्वीडनचा सालेन हा जहाजवाहतूक समूह यांनी मिळून कार्गोलक्स काढली. पहिलं विमान कॅनडात बनलेलं सीएल-४४. १९७९ मध्ये पहिलं बोइंग ७४७ मालवाहू आलं. १९९३ मध्ये ७४७-४०० चं मालवाहू रूप जगात सर्वांत आधी कार्गोलक्सला मिळालं, आणि २०११ मध्ये ७४७-८ चंही. लहान देशातली कंपनी बोइंगच्या नव्या मालवाहू विमानाची पहिली गिऱ्हाईक दोनदा होते, याचा अर्थ ती माल सोडून दुसरं काही करत नाही. तिच्याकडे प्रवासी नाहीत. त्यामुळे विमानाचं वेळापत्रक मालाच्या सोयीने लागतं. आमच्या धंद्यात हा फरक किती मोठा आहे ते बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही, म्हणून एक उदाहरण देतो.

नाशिकच्या अंबडमधला एक कारखाना इलेक्ट्रिकल पॅनेल बनवतो. त्यांचा जर्मनीला जाणारा माल आमच्याकडे आला. मुंबईहून युरोपला रोज प्रवासी विमानं जातात, त्यांच्या पोटात माल जातो, त्याला आम्ही बेली म्हणतो. बेलीत उंचीची मर्यादा साधारण १६० सेंटिमीटर. पार्टीने कागदावर १५८ लिहिलं होतं. आमच्या माणसाने ते तसंच बुकिंगला टाकलं. सहारला माल उतरल्यावर टेप लावली तर १६४. पेटी बरोबर मोजली होती, खाली ठोकलेली लाकडी पॅलेट कोणी मोजलीच नव्हती. माल ऑफलोड झाला, म्हणजे विमानात चढलाच नाही. पेटी कापून लहान करावी तर आतला पॅनेल तेवढाच उंच, आणि आडवा पाडता येत नाही, आतल्या रिलेंना ते चालत नाही. शेवटी बुकिंग मालवाहू विमानावर घेतलं, मुंबईहून लक्झेंबर्ग, आणि तिथून ट्रकने जर्मनी. ७४७ मालवाहूच्या मुख्य मजल्यावर बाजूच्या दारातून तीन मीटर उंचीपर्यंतचा माल आत जातो. आमच्या सहा सेंटिमीटरांचा तिथं प्रश्नच नव्हता.

त्याच ७४७ चं नाक वर उचललं जातं. लांब पाइप, टर्बाइनचे शाफ्ट, ऑइल रिगचे भाग समोरून सरळ आत सरकवता येतात. घोडे जातात, रेसच्या गाड्या जातात. २०१९ मध्ये कार्गोलक्सने शांघायहून दोन बेलुगा व्हेल आइसलँडला नेले. असा माल बेलीत जात नाही, आणि पेट्यांचा साधा धंदा करणाऱ्या कुरिअर कंपन्या त्याच्या वाटेला जात नाहीत. अवजड, औषधी, जिवंत असा किचकट माल कुठे द्यायचा म्हटलं की जगभरच्या फॉरवर्डरांना आधी फिंडेल आठवतं ते यासाठी.

आता जमिनीवरचं बघू. जानेवारीतल्या एका सकाळी मी तिथल्या कार्गो सेंटरमध्ये उभा होतो. बाहेर धुकं इतकं की समोरच्या ७४७ ची शेपटी दिसत नव्हती. फिंडेल पठारावर आहे, धुकं तिथलं जुनं दुखणं. २००२ साली धुक्यातच लक्सएअरचं प्रवासी विमान उतरताना पडलं आणि वीस माणसं गेली. त्या सकाळी विमान उपकरणांच्या भरवशावर व्यवस्थित उतरलं आणि कार्गो सेंटरच्या दारासमोरच येऊन उभं राहिलं. दारासमोर म्हणजे अगदी दारासमोर. सहारला विमानापासून गोदामापर्यंत डॉलीवरून, म्हणजे ओढगाडीवरून, येताना माल उन्हात किंवा पावसात किती वेळ उघड्यावर राहतो, यावर माझी निम्मी हयात भांडण्यात गेली आहे. तिथं विमानाचं दार उघडल्यापासून औषधांचा पहिला पॅलेट थंड खोलीत जाईपर्यंत मी घड्याळ बघितलं. पाऊण तास लागला नाही. हाताळणाऱ्या पोराने चंदेरी थर्मल कव्हरखाली हात घालून तापमान नोंदवणारा डेटा लॉगर काढला, लाल दिवा लागलाय का हिरवा ते पाहिलं, हिरवा होता, कागदावर वेळ लिहिली आणि पुढच्या पॅलेटकडे गेला. आरडाओरडा नाही, सुपरवायझरला हाक नाही. रोजचंच काम.

हा पोर, त्याची ती सवय, ही विमानतळाची खरी मालमत्ता आहे. आठवड्याला एखादं मालवाहू विमान येणाऱ्या ठिकाणी अशी माणसं तयार होत नाहीत. रोज रांगेने येतील तेव्हाच होतात. इथली हाताळणी लक्सएअरची कार्गो शाखा करते, १९९६ पासून या मोठ्या कार्गो सेंटरमधून. आणि कार्गोलक्सने स्वतःच्या कामासाठी उभी केलेली संगणकप्रणाली पुढे चॅम्प नावाची वेगळी कंपनी झाली. आज जगातल्या कितीतरी विमान कंपन्या तीच वापरतात. मूळ कंपनी घरी असली की तिच्या पोटातून अशा कंपन्या निघतात.

माल उतरला की तो लक्झेंबर्गमध्ये राहत नाही, हे आधी म्हटलं. एअरवे बिलावर, म्हणजे हवाई मालाच्या कागदावर, फ्रँकफर्ट लिहिलेलं असतं, विमान उतरतं फिंडेलला, आणि पुढचा टप्पा ट्रक करतो. या ट्रकना आम्ही रोड फीडर म्हणतो. त्यांच्या तळाला रोलर बसवलेले असतात, विमानातला पॅलेट न सोडता तसाच आत ढकलता येतो, आणि ट्रकला चक्क फ्लाइट नंबर असतो. फ्रँकफर्ट अडीचशे किलोमीटरच्या आत. ब्रसेल्स त्याहून जवळ. पॅरिस पावणेचारशेच्या आसपास, ॲमस्टरडॅम चारशे धरा. संध्याकाळी निघालेला ट्रक पहाटे दारात. वाटेत सीमा लागतात, पण तिथं कस्टम्ससाठी थांबावं लागत नाही. माल ट्रान्झिटच्या कागदावर मुक्कामाच्या कस्टम्सपर्यंत जातो. म्हणजे फ्रँकफर्टमध्ये महागडी जागा आणि प्रवासी विमानांची गर्दी सोसण्यापेक्षा इथं उतरून रस्त्याने जाणं परवडतं.

स्विस फॉरवर्डर पानालपिना हिने हेच ओळखलं होतं. १९९० मध्ये तिने कार्गोलक्सच्या विमानाने लक्झेंबर्ग ते अमेरिकेतलं हंट्सव्हिल अशी स्वतःची सेवा लावली. हंट्सव्हिल अलाबामा राज्यातलं शहर, नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. दोन्हीकडे लहान विमानतळ, दोन्हीकडे ट्रक. न्यूयॉर्क नाही, शिकागो नाही. विमान उतरल्यावर तासाभरात माल रस्त्यावर, हे गणित मोठ्या विमानतळावर जमत नाही.

आता प्रश्नकर्त्यांना कदाचित न रुचणारी गोष्ट. नागपूरबद्दलच्या चर्चेत मी नेहमी ऐकतो की विमानतळ चोवीस तास चालला की कार्गो आपोआप येईल. फिंडेल रात्री अकरा ते सकाळी सहा बंद असतो. सोंसच्या आणि हामच्या वस्त्या विमानाच्या वाटेखाली आहेत, लोकांना झोप हवी, तिथं यावरून मोठा वाद असतो. उशिरा आलेल्या विमानाला सवलत मिळते, पण नियम नियमच. शेजारच्या बेल्जियममधलं लिएज रात्रभर उघडं असतं आणि तेही मालाचं मोठं ठाणं आहे. तरी कार्गोलक्स उठून तिकडे गेली नाही. कारण तिचा हँगर इथं, वैमानिकांची घरं इथं, मेकॅनिक इथले, आणि भागभांडवलही बरंचसं इथलं. लक्सएअर, सरकारी बँका आणि खुद्द सरकार यांच्या हातात कंपनीचा मोठा वाटा आहे. २०११ मध्ये कतार एअरवेजने ३५ टक्के घेतले आणि पुढच्याच वर्षी मतभेद होऊन सोडायचं ठरवलं. २०१४ मध्ये तोच वाटा चीनच्या हेनान प्रांताच्या सरकारी कंपनीने घेतला, आणि त्याच प्रांतातल्या झंगझौ ते लक्झेंबर्ग अशी मालवाहू विमानं सुरू झाली. बघा, बाहेरचा भांडवलदार आला तो नुसते पैसे घेऊन आला नाही, मालाचं दुसरं टोकही घेऊन आला. झंगझौला फोन बनतात. ते युरोपात कुठे उतरवायचे हे त्या सौद्यातच ठरलं.

दुसऱ्या टोकाचं महत्त्व मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आमच्याकडे योजना आखणारे ते विसरतात. मालवाहू विमान परत रिकामं आलं की तो मार्ग बुडाला. आशियातून युरोपात माल भरपूर येतो, उलट कमी जातो. म्हणून कार्गोलक्सची विमानं सरळ जाऊन सरळ परत येत नाहीत. तीन-चार ठिकाणं जोडत, कधी पृथ्वीला वळसा घालून घरी येतात. युरोपातून यंत्रं आणि गाड्यांचे भाग, अमेरिकेतून दुसरंच काही, आशियातून इलेक्ट्रॉनिक्स. मुंबईचा थांबाही अशाच एखाद्या फेरीत बसवलेला असतो. आम्ही औषधं देतो, कपडे देतो, इंजिनिअरिंगचा माल देतो. आमच्या एका स्टेशनच्या जिवावर ते विमान कधीच उडत नसतं.

प्रवाशांबद्दल फार लिहीत नाही, पण वाढ तिथंही आहे. आताचं मुख्य टर्मिनल २००८ चं. लहान विमानांसाठी बांधलेलं दुसरं टर्मिनल बरीच वर्षं बंद ठेवून २०१७ मध्ये पुन्हा उघडावं लागलं. २०२४ मध्ये प्रवासी पहिल्यांदाच पन्नास लाखांच्या वर गेले. बँका, युरोपियन युनियनचं न्यायालय, आर्सेलर मित्तलचं मुख्यालय, यामुळे कामाची ये-जा सतत. देशभर सार्वजनिक वाहतूक २०२० पासून मोफत आहे, आणि मार्च २०२५ मध्ये ट्राम थेट विमानतळापर्यंत पोचली. सूटकेस घेऊन चढायचं, तिकीट नाही. पण हे प्रवासी लंडन, म्युनिक, पाल्मा अशा जवळच्या ठिकाणांचे. लांब पल्ल्याला अजून फ्रँकफर्ट किंवा पॅरिस गाठावं लागतं. आकाशात पाहाल तर ७४७ आहे, आणि तिच्यात प्रवासी एकही नाही.

पुढची काळजीही लिहायला हवी. बोइंगने ७४७ बनवणं थांबवलं. शेवटचं विमान जानेवारी २०२३ मध्ये गिऱ्हाइकाच्या ताब्यात गेलं. कार्गोलक्सने २०२२ मध्ये ७७७-८ मालवाहू निवडलं आहे. ते कमी इंधनात जाईल, पण त्याचं नाक उघडत नाही. ज्या लांब मालावर या कंपनीचं नाव झालं, तो माल पुढे कोण नेणार, हा आमच्या धंद्यातला खरा प्रश्न आहे. जुनी ७४७ जोवर उडतात तोवर ठीक.

आता नागपूर. मी विदर्भाचा नाही, पण मिहानची घोषणा झाली तेव्हापासून आशेने बघतोय, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

झिरो माइल हा फार तर नकाशाचा मध्य मानला जातो, मालाचा नाही. फिंडेलच्या भोवती अडीच-तीनशे किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात जर्मनीचा ऱ्हाइनकाठचा औद्योगिक पट्टा, बेल्जियम, फ्रान्सचा लोरेन भाग येतो. नागपूरभोवती तेवढंच वर्तुळ काढा. संत्रा, कापूस, कोळसा, वीज. हे सगळं मोलाचं, पण विमानाने जाणारं यात थोडंच. संत्र्याची निर्यात प्रामुख्याने बांगलादेशला, तीही ट्रकने. विमानाने जाणारा माल, म्हणजे औषधं आणि इलेक्ट्रॉनिक्स, हैदराबाद, पुणे, मुंबईकडे आहे. त्यातलं सर्वांत जवळचं हैदराबाद पाचशे किलोमीटर, आणि तिथं स्वतःचा उत्तम विमानतळ आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर. तो नागपूरला माल आणेल असं लोक समजतात. मला आजच्या घडीला उलटं दिसतं: विदर्भातला हवाई माल आता आठ-दहा तासांत मुंबईला पोचेल, मग तो नागपूरहून का उडेल? रस्ता ज्या टोकाला विमानं उभी आहेत त्या टोकाकडे माल ओढतो.

तरीही मार्ग नाही असं मी म्हणणार नाही. नागपूरकडे लक्झेंबर्गसारखी एक गोष्ट आधीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मिहानमध्ये बोइंगने उभारलेलं विमानदुरुस्तीचं मोठं केंद्र २०१५ पासून चालू आहे. तिथं मेकॅनिक आहेत, मोठी विमानं आत घेणारे हँगर आहेत. विमानं दुरुस्तीला येतात आणि रिकामी जातात. मालवाहू कंपनीला घर शोधताना लागणारी अवघड वस्तू तीच असते. गोदाम बांधायला दीड वर्ष लागतं, विमानाचा मेकॅनिक घडायला आठ-दहा. मी ठरवणारा असतो तर आणखी एक कार्गो टर्मिनल बांधायच्या आधी एका मालवाहू कंपनीला, मग ती दोन-तीन विमानांची का असेना, मुक्कामाला बोलावलं असतं. विमान तिथंच दुरुस्त करायचं, क्रू तिथंच ठेवायचा, आणि पहिली पाच वर्षं उतरण्याचं भाडं जवळपास माफ. त्याबदल्यात एकच अट: विमानाची फेरी नागपूरहून सुरू होऊन नागपूरलाच संपली पाहिजे, मध्ये ते हैदराबादला औषधं घेवो की दुबईला उतरो.

आणि दुसरं टोक आधी ठरवा. युरोपातल्या, आखातातल्या एखाद्या अशाच लहान विमानतळाशी बोला, जिथं ट्रक तयार आहेत आणि जागा रिकामी आहे. सौदा दोन्हीकडून व्हायला हवा, झंगझौने केला तसा. प्रश्न विचारणाऱ्यांनी त्यांच्या पत्रात मिहानच्या टर्मिनलची क्षमता टनांत दिली आहे. मला त्याऐवजी एवढंच कळवा: आज रात्री नागपूरच्या ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवर, कोणत्या कंपनीचं मालवाहू विमान मुक्कामाला आहे, आणि उद्या सकाळी ते काय भरून निघणार आहे?